गावच्या शाळेत पीटीचे सर, खो-खोचे कोच आणि स्काउट मास्तर असं तिन्ही करणाऱ्याचं आयुष्य कसं असतं?

बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झाल्यावर गावाकडच्या शाळेत लागलं की खेळ आणि स्काउट दोन्ही गळ्यात पडतं म्हणतात, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. पडतं. माझ्या गळ्यात पडून २६ वर्षं झाली. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पाचवी ते दहावीची शाळा.

पैशाचं आधी उरकतो. पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला महिना १८,००० मानधन, २०२३ च्या आधी ते ८,००० होतं. पुढे वेतनश्रेणी. सकाळ-संध्याकाळ मैदानावर उभं राहायचे वेगळे पैसे कुणी देत नाही, आणि जानेवारी उजाडला की दहावीचा पीटीचा तास गणिताचे सर "जरा आज द्या" म्हणून नेतात, तो मार्चपर्यंत परत येत नाही.

दिवस पावणेसहाला सुरू होतो. पाणी मारायचं, दोरी ताणून फक्की मारायची, २७ बाय १६ मीटर. लोकांना वाटतं खो-खो म्हणजे पळापळी. माझ्याकडे नवीन पोराला पहिला महिना फक्त बसायला मिळतं. आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात, आणि पाठीवर हात पडून "खो" ऐकू येईपर्यंत कुणी उठायचं नाही. उठला की फाऊल. टाचा उचललेल्या, भार चवड्यावर, डोळे पळणाऱ्याच्या कमरेवर. पायाकडे बघू नका, पाय हुलकावणी देतो, कंबर देत नाही. हे एकदा अंगात मुरलं की सूर मारणं महिन्याभरात येतं. पालकांना मात्र सूरच बघायचा असतो.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकात आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर अकरा नवी पोरं हजर. मी त्यांना बसायला शिकवायला घेतलं. महिन्याभरानं तीन उरली. त्या तिघांवर माझा भरवसा आहे.

स्काउट मी हौसेनं घेतलं नव्हतं. आधीचे सर निवृत्त झाले, मुख्याध्यापकांनी शिट्टी आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. प्रशिक्षण नंतर झालं. पहिल्या वर्षी पुस्तक समोर उघडं ठेवून गाठी शिकवत होतो. प्रथम सोपान या स्काउटच्या परीक्षेची तयारी, क्लोव्ह हिच नावाची गाठ, बाकाच्या पायाला दोरी. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा हसला. सातवीतला, धनगराचा. म्हटलं, काय झालं? म्हणाला, "सर, ही आमची शेरडं बांधायची गाठ हाय. पर एवढीच मारली तर शेरडू खुंट्याभोवती फिरून फिरून सैल करतंय. वर अजून एक अडकवायला लागतं." आणि एका हातानं मारून दाखवली. दुसरा हात मोकळा का, तर त्या हातात शेरडाचा कान असतो. त्या दिवसापासून गाठींचा तास त्याच्याकडे. तोवर वर्गात हात वर न केलेला हा पोरगा संघनायक झाला, आणि आठ जणांच्या संघावर असा ओरडायचा की मलाच गप्प करावं लागे.

बाकी स्काउटमध्ये पोरांना सगळ्यात जास्त आवडतं ते बिनभांड्यांचा स्वयंपाक. बटाटे ओल्या मातीत लिंपून निखाऱ्यात, तापल्या दगडावर भाकरी, वांगं थेट जाळावर. निम्मं करपतं, तरी तेवढी चव घरच्या जेवणाला नाही म्हणतात. खरी कमाईला, म्हणजे लहानसहान कामं करून पैसे मिळवायला, गावात हिंडवलं की मात्र कोणता दुकानदार पोराला राबवून वर उपदेश करतो आणि कोण गुपचूप दहा रुपये जास्त देतो, हे त्यांना माझ्याआधी कळतं.

आता ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते. या नोकरीचा जीव कागदात असतो. प्रवेशिका, जन्मतारखेचा दाखला, आधार, फोटोवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, तोही अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. सतरा वर्षांपूर्वी मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेला नेला. एकीच्या फोटोवर शिक्का मारायचा राहिला होता. चूक माझीच. रात्री घाईघाईत गठ्ठा बांधला आणि मोजला नाही. टेबलावरच्या साहेबांनी नियमावर बोट ठेवलं, त्यांचंही बरोबरच. पोरगी दहावीत, तीन वर्षं रोज पहाटे आलेली, दिवसभर सीमारेषेबाहेर बसून बाकीच्यांना पाणी देत राहिली. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी बसली आणि एवढंच म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी मी शाळेत नसणार." मला उत्तर सुचलं नाही. खिडकीतून बघत राहिलो.

तेव्हापासून स्पर्धेच्या आदल्या रात्री बायको नावं वाचते आणि मी एकेक शिक्का बोटानं चाचपतो. ती वैतागते, पण वाचते.

तर या, जरूर या. मैदान कुणालाही आवडतं. फक्त रात्री अकराला सोळा फोटो मोजायचा कंटाळा असेल, तर दुसरं काही बघा.

त्या मुलीचं लग्न गावातच झालं. यंदा तिचा मुलगा पाचवीत आला. पहिल्या दिवशी त्याला मैदानावर घेऊन आली, माझ्यासमोर उभा केला आणि म्हणाली, "सर, ह्याला बसायला शिकवा. शिक्का मी बघीन."