'सोशल'ला मराठीत काय म्हणावे?

म्हापशाहून एका बाईंनी विचारले आहे. त्यांच्या वडिलांनी गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या बोर्डिंगाच्या आठवणी सांगितल्या आणि बाईंनी त्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी लिहून काढल्या. वडील बोलताना सारखे 'सोशलला गेलो', 'सोशलच्या आदल्या रात्री' असे म्हणत. इंग्रजी शब्द नको म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी त्यांचे वाक्य असे करून पाठवले : 'आमच्या वसतिगृहाचे भगिनी शाळेबरोबर वार्षिक सामाजिक स्नेहसंमेलन होत असे व त्यात आम्ही आपापल्या जोडीदारासह नृत्य करीत असू.' हे वाचून दाखवल्यावर वडिलांनी विचारले, 'हे कोणाचे लग्न?' बाईंचा प्रश्न असा की 'सोशल'ला मराठी शब्द आहे काय, आणि नसेल तर तो सोशल, ती सोशल की ते सोशल?

संपादकांचा हेतू चांगला आहे. पण त्या एका वाक्यात बरेच शब्द घसरले आहेत.

'सोशल' हे इंग्रजीत मुळात विशेषण. पुढे त्याचे नाम झाले आणि चर्चच्या किंवा संस्थेच्या मंडळींनी एकत्र जमून खाण्यापिण्यात व करमणुकीत घालवलेल्या संध्याकाळीला 'सोशल' म्हणू लागले. भारतातल्या मिशनरी बोर्डिंगांत, म्हणजे दार्जिलिंग, नैनीताल, पाचगणी अशा ठिकाणी, हा शब्द आणखी अरुंद झाला. मुलांच्या आणि मुलींच्या शाळा वेगळ्या, दोन्हींच्या भिंती उंच, आणि वर्षातून एखाद्या संध्याकाळी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली दोन्हीकडची वरच्या वर्गांतली मुले एका सभागृहात नाचण्यासाठी एकत्र येत, तो सोशल. कोलकात्याकडे याच शब्दाने कॉलेजातला वार्षिक गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ओळखला जातो. आपल्या मराठी शाळांच्या निमंत्रणपत्रिकांवरही 'ॲन्युअल सोशल गॅदरिंग' असे छापलेले असे. त्यातले 'गॅदरिंग' आपण उचलले आणि आधीचे दोन्ही शब्द टाकून दिले. म्हणून 'सोशल' आणि 'गॅदरिंग' हे शब्द एका पत्रिकेवर शेजारी असले तरी वेगवेगळ्या घरांत नांदले. गॅदरिंग म्हणजेच स्नेहसंमेलन. तिथे रंगमंच असतो, पडदा असतो, प्रेक्षक असतात, बक्षिसे असतात. सोशलला प्रेक्षक नसतो. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर जे बसलेले असत ते प्रेक्षक नव्हते, ते धाडस न झालेले होते. (त्यांत मी पुष्कळदा होतो, म्हणून हे अधिकाराने सांगतो.)

गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य असताना हा शब्द इंग्रजी कसा, असा प्रश्न कोणाला पडेल. क्लबांतल्या नाचाला पोर्तुगीज शब्द 'बाइल' होता, पण तो मोठ्यांचा. इंग्रजी शाळा गोव्यात आल्या त्या मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका इथल्या नोकऱ्यांकडे डोळे लावून. हडफड्याला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी सेंट जोसेफ ही शाळा १८८७ साली काढली, आणि पुढे बार्देशात इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा वाढत गेल्या. अनेक गोंयकारांनी मुलांना बेळगावच्या सेंट पॉल्सलाही ठेवले. ज्या शाळांतून इंग्रजी आले, त्या शाळांतूनच बोर्डिंगाची बोली आली आणि तिच्याबरोबर सोशलही.

आता संपादकांचे बाकीचे शब्द. 'सामाजिक' हा सरळ चुकला. मराठीत सामाजिक म्हणजे समाजाविषयीचा. 'सामाजिक कार्यक्रम' म्हटले की रक्तदान शिबिर डोळ्यांपुढे येते. 'वसतिगृह' हाही अपुरा, कारण त्यात शाळा येत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी, १९०१ साली, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि १९२४ साली साताऱ्याला भाऊराव पाटलांचे शाहू बोर्डिंग. तिथे बोर्डिंग म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय. बार्देशातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी बोर्डिंग म्हणजे शाळा, प्रार्थनेची घंटा, जेवणघर, झोपण्याची लांबच लांब खोली, सगळे एकत्र. तेव्हा 'बोर्डिंग'च ठेवावे. 'भगिनी शाळा' विषयी इतकेच म्हणतो की ती शाळा सिस्टर चालवत हे खरे असले, तरी तिथल्या मुलींकडे कोणी भगिनी म्हणून पाहत नव्हते.

'नृत्य' आणि 'जोडीदार' यांचे दुखणे अधिक खोल आहे. नृत्य आपण पाहतो. ते शिकलेला माणूस मंचावर करतो. 'नाच' म्हणावे तर त्याला नाचगाण्याचा जुना, हलका वास. गोव्याच्या हिंदू घरांतून आलेल्या माणसाला तर स्त्री-पुरुषांनी जोडीने नाचणे यासाठी घरातला शब्दच नव्हता, कारण घरात ती गोष्टच नव्हती. धालो आणि फुगडी बायकांची, तालगडी पुरुषांची. ख्रिस्ती घरांतल्या मांडोतही स्त्रिया आणि पुरुष समोरासमोरच्या ओळींत पंखे, रुमाल हलवीत पुढेमागे होतात, हात धरीत नाहीत. त्यामुळे सोशलच्या आठवणी मराठीत लिहिताना 'नाचलो' एवढे साधे क्रियापद वापरावे. 'नृत्य केले' म्हटले की मुलगा भरतनाट्यम् करताना दिसू लागतो. आणि जोडीदार हा शब्द मराठीत आता विवाह-नोंदणीच्या जाहिरातींनी व्यापला आहे. वडिलांना लग्न आठवले ते त्यामुळेच. 'पार्टनर' हाच शब्द त्या संध्याकाळी उच्चारला गेला होता, तोच छापावा.

मी स्वतः सत्तरच्या दशकात बार्देशातल्या एका बोर्डिंगात होतो. सोशलच्या आधीचे पंधरा दिवस रात्री झोपण्याच्या खोलीत मुलगे मुलग्यांबरोबर पावले शिकत, आणि ज्याने 'मुलगी' व्हायचे त्याच्या दंडाला रुमाल बांधत. ख्रिस्ती मुलांना गावच्या चर्चमधल्या मेस्ताने, म्हणजे संगीतशिक्षकाने, स्वर आणि व्हायोलिन शिकवलेले असे. आम्हा तीनचार हिंदू मुलांचा सगळा तालाभ्यास देवळातल्या भजनाचा. वॉल्ट्झ आमच्याने काही केल्या जमेना, तेव्हा आमच्यातल्या एकाने शोध लावला की हा अर्धा दादरा आहे, 'धा धी ना' म्हणत पाय टाका. त्या वर्षी आम्ही ओठ हलवीत नाचलो. माझ्या पार्टनरला वाटले की मी प्रार्थना म्हणतो आहे.

जेवणघरातली टेबले हलवून फरशीवर टाल्कम पावडर शिंपडत, म्हणजे बूट घसरावेत. 'पॉल जोन्स' नावाच्या नाचात मुलींचे वर्तुळ आत, मुलांचे बाहेर, दोन्ही उलट दिशांनी फिरत, आणि संगीत थांबले की समोर येईल ती पार्टनर; लाजाळू मुलांची सोय पाहणारा तेवढा एकच नाच. 'लेमन डान्स'मध्ये दोघांच्या कपाळांमध्ये लिंबू धरायचे. या नावांना मराठी प्रतिशब्द शोधू नयेत. 'लिंबूनृत्य' वाचून काय होईल याची कल्पना करा.

राहिले लिंग. उसना शब्द मराठीत येताना बहुधा ज्या मराठी शब्दाच्या जागी बसतो त्याचे, किंवा शेवटच्या ध्वनीवरून, लिंग घेतो. गाडीमुळे बस स्त्रीलिंगी झाली, ईकारामुळे पार्टी. नाचामुळे डान्स पुल्लिंगी आणि संमेलनामुळे गॅदरिंग नपुंसकलिंगी. सोशलला असा आधार कार्यक्रमाचा किंवा नाचाचा, म्हणून तो पुल्लिंगी : 'सोशल होता', 'सोशल ठेवला'. माझे कोकणी बोलणारे वर्गमित्रही 'सोशल आशिल्लो' असेच म्हणतात. 'सोशल होते' असे म्हणणारे मला भेटले आहेत. ते चूक मानू नये, पण स्मरणिकेत एकच रूप राखावे.

विभक्तीच्या बाबतीत एक गंमत आहे. 'बोर्डिंगात', 'कोर्टात', 'टेबलावर' या रूपांत शब्दाला सामान्यरूप झाले आहे, म्हणजे तो घरचा झाला. 'सोशलाला', 'सोशलात' असे मात्र मी कोणाकडूनही ऐकलेले नाही. 'सोशलला', 'सोशलमध्ये' असा प्रत्यय नुसता चिकटतो. एका पिढीने आणि थोड्याच शाळांनी वापरलेला शब्द पाहुणाच राहिला, आणि ते लेखनातही तसेच दिसू द्यावे. आजचा तरुण वाचक 'सोशल' वाचून फोनकडे वळेल ही बाईंची भीती योग्य आहे, पण तिथेही प्रत्यय मदतीला येतो : फोटो 'सोशलवर' टाकतात, वडील 'सोशलला' जात. पहिल्या उल्लेखाच्या वेळी अर्थ वाक्यातच विणला की पुढे अवतरणचिन्हे लागणार नाहीत. माझ्या मते वाक्य असे व्हावे :

'आमच्या बोर्डिंगातल्या आणि कॉन्व्हेंटातल्या वरच्या वर्गांच्या मुलामुलींना वर्षातून एक संध्याकाळ एकत्र नाचायला मिळे. तिला आम्ही सोशल म्हणत असू, आणि सोशलला पार्टनर मिळेल की नाही याची काळजी परीक्षेहून मोठी असे.'

शेवटचा भाग मी पदरचा घातला आहे. वडिलांना विचारून ठेवावा किंवा काढावा.