राजस्थानातली लूणी नदी समुद्राला का मिळत नाही? आणि वर्षातले बहुतेक महिने कोरड्या दिसणाऱ्या नदीचं खोरं ठरवतात तरी कसं?

दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. कामानिमित्त मी दोन वर्षं राजस्थानात बालोतऱ्याला होतो. मूळ गाव माणदेशात, त्यामुळे कोरडं पात्र काही नवं नव्हतं. पण आमची माणगंगा निदान भीमेला जाऊन मिळते. लूणी कुणालाच मिळत नाही.

खोरं पाण्यावरून नाही, उतारावरून ठरतं. अरवलीच्या पूर्व अंगावर पडलेला पाऊस बनास, चंबळ, यमुना करत बंगालच्या उपसागराकडे जातो आणि पश्चिम अंगावरचा लूणीत उतरतो. अजमेर बरोबर या दोन उतारांमधल्या धारेवर वसलंय. तिथल्या नाग पहाडातून आलेली सागरमती आणि पुष्करकडची सरस्वती गोविंदगढला एकत्र येतात, तिथून पुढे नाव लूणी. मग नैऋत्येला सुमारे ४९५ किमी. खोरं ३७ हजार चौरस किमीच्या वर.

नकाशा नीट बघा, एक गंमत दिसेल. गुहिया, बांडी, सुकडी, जवाई या सगळ्या उपनद्या डाव्या हाताने, अरवलीतून येतात. उजवीकडून नाव घेण्यासारखी एकटी जोजरी. कारण उजवीकडे वाळूच्या टेकड्या; तिथला पाऊस वाहायच्या आधीच मुरतो. म्हणून या खोऱ्याची पूर्वेची हद्द डोंगराच्या धारेने रेखीव दिसते, पश्चिमेची वाळूत पुसट होत जाते.

आता कोरडेपणाबद्दल. बालोतऱ्याजवळ तिलवाड्याला चैत्रात मल्लीनाथांची जत्रा भरते, गुरांचा मोठा बाजार, आणि तो चक्क नदीच्या पात्रात. मी गेलो तेव्हा एक म्हातारबाबा हातानेच वाळू उकरत होते. आपण झिरा खणतो तसं. कोपरभर खोल गेल्यावर वाळू काळपट झाली, मग तळाशी हळूहळू पाणी साचलं. मला ओंजळभर दिलं. चक्क गोडं! म्हणजे नदी होती, फक्त वाळूखाली.

पुढे मात्र लूणीचं पाणी खारं होतं. त्या खारेपणाचा समुद्राशी काही संबंध नाही. मारवाडीत लूण म्हणजे मीठ, आपल्या लोणच्यातही तेच दडलंय. (नाव मिठाचं, आणि लूणी जंक्शन प्रसिद्ध रसगुल्ल्यांसाठी!) साधारण बालोतऱ्यापर्यंत पाणी गोडं, पुढे खारट. तिथून जमीन सपाट, मातीत क्षार. पाणी रेंगाळतं, उन्हाने उडून जातं, मीठ मागे राहतं. जवळच पचपद्र्याला खारवाळ लोक खड्ड्यांतल्या खारट पाण्यात मोरळीच्या काटेरी फांद्या टाकून ठेवतात आणि त्यांवर धरलेलं मीठ झाडून काढतात.

राहिला समुद्र. जालोर जिल्ह्याच्या टोकाला, सांचोरकडे उतार इतका मंदावतो की पात्राला काठच उरत नाहीत. पूर आला तर पाणी पसरत कच्छच्या रणात शिरतं आणि तिथेच संपतं. एरवी तेवढंही पोचत नाही. वरच्या अंगाला बिलाड्याजवळ १८९२ चं जसवंत सागर धरण आहे, जवाईवर १९५७ साली पुरं झालेलं धरण आहे. बरंचसं पाणी तिथेच अडतं, उरलेलं वाळू पिते.

त्या बाजूला जाणार असाल तर श्रावणात जा. लोंढा आला की गावंच्या गावं काठावर जमतात, बायका नदीला चुनरी वाहतात. भर उन्हाळ्यात बालोतऱ्याच्या पुलाखाली पाणी दिसलं तर मात्र खूश होऊ नका. तो बहुधा कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचा निचरा असतो. रंग बघितलात की कळेलच.