उपटलेल्या जागी काय येणार?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. इंदूरच्या रामबाग आणि सुदामानगरची मिळून वीसेक मुलं रविवारची सकाळ द्यायला तयार आहेत, सिरपूर तलाव आणि रालामंडलच्या पायथ्याची रानं हाती घेऊन तिथली परदेशी झाडंझुडपं उपटायची आहेत, आणि सुरुवात कुठून करू असं तू विचारलंस. उत्तर तुला कदाचित आवडणार नाही. घाणेरी, म्हणजे रानात माजणारं ते परदेशी झुडूप, जिथे सगळ्यांत कमी आहे, तिथून सुरुवात कर.

दाट जाळी बघून हात शिवशिवतात, फोटोही तिथलाच छान येतो. पण वीस माणसांची अख्खी सकाळ त्या जाळीत दोन-चार गुंठ्यांत संपते. तोवर पलीकडच्या गवताळ उतारावर विखुरलेली लहान झुडपं फळाला येतात, बुलबुल आणि साळुंक्या ती फळं खातात आणि बी आणखी पुढे जातं. तीच माणसं विरळ भागात एकरभर जागा सहज मोकळी करतात. शिवाय तिथे मूळचं गवत अजून जिवंत असतं, ते मोकळी जागा स्वतःच भरून काढतं. म्हणून चांगल्या रानाकडून बिघडलेल्या रानाकडे सरकायचं आणि दाट जाळी शेवटी घ्यायची.

आता घाणेरी काढायची कशी. मजूर तिला लेंटाना किंवा राईमुनिया म्हणतील. कोयत्याने जमिनीलगत छाटली तर एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात. जाळली तरी पावसात पुन्हा फुटते. जेसीबी लावला तर माती उलथीपालथी होते आणि वर्षभरात तिथे गाजर गवत किंवा विलायती तुळस माजते, म्हणजे एक शत्रू काढून दोन बोलावले. कारण समजून घे. फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून. गाठीखालचं सोटमूळ सहसा फुटत नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीवर पद्धत बसवली आणि ती कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली गेली. बुंध्याभोवतीची माती कुदळीने थोडी सैल करायची, जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर मुख्य मुळावर तिरका घाव घालायचा, झुडूप गाठीसकट उचलायचं आणि उलटं करून, मुळं आकाशाकडे, त्याच्याच फांद्यांवर ठेवायचं. गाठ मातीला टेकली तर ओल्या दिवसांत ती पुन्हा धरते. चुका नेमक्या इथेच होतात. घाव वर बसतो, किंवा घाईत झुडूप आडवं फेकलं जातं. प्रत्येक तुकडीत एकाला फक्त घावाची खोली बघायला ठेव. तो पहिल्या दिवशी सगळ्यांना नकोसा होईल, पण त्याला हलवू नकोस.

साधन साधंच लागतं: हलकी कुदळ, दगडाळ जागी गैंती (टिकाव), आत शिरायला वाट करण्यापुरता कोयता, जाड चामडी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि बूट. वेळ मात्र महत्त्वाची. माळव्याची काळी माती एप्रिलमध्ये विटेसारखी कडक होते, कुदळ उसळते आणि घाव वरच बसतो. भर पावसात तीच माती बुटाला किलोकिलोने चिकटते. पहिले दोन चांगले पाऊस झाले की उघडीप बघून काम धर. रालामंडलच्या मुरमाड उतारावर जुलै-ऑगस्टभर काम चालतं, सपाट काळ्या रानात उघडिपीचे मोजकेच दिवस मिळतात. हिरव्या फळांचे घोस असतील तर ते आधी खुडून पोत्यात भर. आणि एका वर्षी एक सलग पट्टा पूर्ण साफ करू नकोस. ससे, मुंगूस, लहान पक्षी आज त्याच जाळीत राहतात, कारण त्यांना दुसरा आडोसा उरलेला नाही. मधे जाळीची बेटं ठेव, आणि करवंद, मुरुडशेंग, धायटी वर आली की मग ती काढ.

रालामंडल 1989 पासून अभयारण्य आहे. तिथे कुंपणाच्या आत गवताची काडीही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय उपटायची नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. परवानगी येईपर्यंत बाहेरच्या बाजूला काम भरपूर आहे.

तलावाचं गणित वेगळं आहे. सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर, दोन्ही तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, तेव्हा महापालिकेशी बोलल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही हे आलंच. जलपर्णी, म्हणजे आपल्याकडची जलकुंभी, मूळची दक्षिण अमेरिकेची. अनुकूल पाण्यात तिचं क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं. घट्ट थराचं ओलं वजन हेक्टरी दोनशे टनांच्या वर जाऊ शकतं आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी असतं. म्हणजे तुमच्या पाठी दुखणार त्या बहुतांशी पाणी वाहून. म्हणून काठावर काढलेला ढीग दोन-तीन दिवस निथळू दे आणि मगच वाहून ने. पण ढीग उताराच्या अशा बाजूला हवा की पहिला पाऊस तो परत पाण्यात ढकलणार नाही. असे वाहून गेलेले ढीग म्हणजे फुकट गेलेला उन्हाळा.

कधी काढायची? हिवाळ्यात स्थलांतरित बदकं असतात, त्यांना त्रास नको. पावसाळ्यात कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतात, तेव्हा तर अजिबात नको. उरतो मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ. पाणी उतरलेलं असतं, थर आकसलेला असतो, आणि उघड्या पडलेल्या चिखलात जलपर्णीची बोटभर रोपं उगवलेली दिसतात. बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, म्हणून ही रोपं वेचणं हे मोठे थर ओढण्याइतकंच मोलाचं आहे, आणि शाळकरी मुलांनाही ते जमतं. जूनमध्ये पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि सुटे थर पूर्वेच्या काठाला लागतात. माणसं तिथे उभी कर, वारा तुमचं अर्धं काम करेल. पाण्यात कोणी एकटं उतरणार नाही, उतरणाऱ्याच्या अंगात जीवरक्षक जॅकेट असेलच, आणि थर हाताने उचलण्याआधी काठीने हलवायचा. खाली दिवड (पाणसाप) असते, काठाच्या गवतात घोणसही असू शकते.

ओळख पक्की झाल्याशिवाय काहीही ओढू नका. जलपर्णीसारखे शिंगाड्याच्या देठालाही फुगे असतात, पण त्याची पानं चौकटीच्या आकाराची आणि दातेरी कडांची. मोनोकोरिया नावाची देशी वनस्पती निळी फुलते आणि लांबून जलपर्णीसारखी दिसते, पण तिचे देठ फुगलेले नसतात आणि ती चिखलात रुजलेली असते. कमळ, कुमुदिनी, मोनोकोरिया, हे सगळं तलावाचं आपलं आहे. ते ओढून काढलं तर कमळपक्ष्याचं घरच काढलं.

आणि हे स्पष्ट लिहितो: नाल्यातून सांडपाणी येत राहिलं तर जलपर्णी परत येणारच. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हेच तिचं खाद्य. ते थांबवणं तुमच्या हातात नाही, पण नाला तलावाला मिळतो तिथे बांबू आणि जाळीचा तरंगता अडसर बांधून वरून वाहत येणारी रोपं अडवता येतात. दर आठवड्याला तो रिकामा करायला दोन माणसं नेमून दे. पानांवर वाटाण्याहून लहान, खरवडल्यासारखे डाग दिसले तर ते निओकेटिना भुंगेऱ्यांचं खाणं. हे भुंगे जलपर्णी आटोक्यात ठेवायला 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणले गेले. ते थर संपवत नाहीत, पण वाढ मंदावतात. डाग असलेली रोपं जरा मागे ठेव.

काठावरची बेशरम ही झुडपी वनस्पती वेगळ्या स्वभावाची. तिच्या फांदीचा वीतभर तुकडाही ओल्या मातीत मूळ धरतो. म्हणून कापलेली एकही काडी पाण्यात किंवा चिखलात पडू द्यायची नाही. सगळं तापलेल्या खडकावर किंवा डांबरी जागेवर पसरून कोरडं ठणठणीत करायचं. शेळ्यांना ती विषारी असते, ढीग उघडा सोडू नकोस.

गाजर गवत फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून, मुळासकट. फुलल्यावर उपटलं तर पडल्या जागी बी पिकतं, आणि एका झाडाला हजारो बिया असतात. हातमोजे आणि मास्क सक्तीचे, दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्या मुलाला या कामातून सरळ वगळ. फुलण्याआधीचं गवत तीन फूट खोल खड्ड्यात शेणाचा काला आणि मातीच्या थरांमधे दाबलं की चार-पाच महिन्यांत खत होतं. पानांवर पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला छोटा भुंगेरा दिसला तर तो मेक्सिकन भुंगेरा. तो आहे तिथली झाडं राहू दे, तो जुलै ते ऑक्टोबर गाजर गवत खात तुमच्यासाठी राबतो. जबलपूरचं तणसंशोधन निदेशालय हे भुंगे देतं आणि ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताहही करतं, त्यांना पत्र लिही. कोणी मिठाचं पाणी किंवा ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायला सांगेल. तलावाजवळ दोन्ही नको. ग्लायफोसेट तर 2022 पासून फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचं आहे.

प्राण्यांबद्दल थोडकंच, कारण तिथे उपाय फार नाहीत. तिलापिया किंवा थाई मांगूर हा परदेशी मासा एकदा तलावात सुटला की बाहेर काढता येत नाही. अडवायचं ते आधीच. मत्स्यालयाच्या दुकानांतून आणलेली, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली परदेशी कासवं वाढली की लोक पुण्य म्हणून तलावात सोडतात. दुकानदारांशी बोल, नको झालेली कासवं परत घ्यायला तयार कर. पण मऊ पाठीचं देशी कासव सापडलं तर ते घरी न्यायचं नाही, ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे. वनविभागाला कळव.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. जागा मोकळी झाली की दोन महिन्यांत तिथे काहीतरी उगवणारच. काय उगवावं हे तू ठरवलं नाहीस तर गाजर गवत ठरवेल. मारवेल, शेडा, कुसळी, रोशा या देशी गवतांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्या चांगल्या माळावरून, मालकाला विचारून, गोळा कर. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेव. प्लास्टिकमध्ये बुरशी येते. जूनच्या पहिल्या पावसाआधी शेण-मातीत मळून लहान गोळ्या कर, हेक्टरी 4 ते 6 किलो बी धर आणि साफ केलेल्या जागी टाक. टाकळा पेरून गाजर गवत दाबता येतं, पण बी नीट ओळखून घे. त्याच्या नावाखाली कॅशिया युनिफ्लोरा मिळतो, तो स्वतःच परदेशी आणि हावरा आहे.

साफ केलेल्या तुकड्यावर पहिल्या वर्षी पावसाळ्यात दर दीड महिन्याने आणि नंतर दोन वर्षं पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी फेरी हवीच. पक्षी बसतात त्या झाडांखाली आधी बघ, घाणेरीची वीतभर रोपं तिथे झुबक्याने सापडतील आणि हाताने निघतील. प्रत्येक तुकड्याचे चार कोपरे दगडाला रंग लावून पक्के कर, एकाच कोपऱ्यातून एकाच दिशेला फोटो काढ, वहीत तारीख, माणसं, तास आणि उपटलेली रोपं लिही. तीन वर्षं सांभाळता येतील इतकेच तुकडे घे. वीस मुलांना पहिल्या वर्षी दोन एकर पुष्कळ झाले. ती जागा ठरली की नकाशा पाठव, कुठली बेटं ठेवायची ते बघून कळवतो.

तुझा,
काका