शेंगपेंड वाढवली तरी म्हशीचं दूध का वाढेना?

दादा, तुम्ही निपाणीकडचे. म्हशीला उसाचं वाडं (शेंड्याची पानं) आणि शेंगपेंड (शेंगदाण्याची पेंड) चालू आहे, पेंड वाढवून पंधरवडा झाला, दूध जिथल्या तिथं आणि सकाळी गोठ्यात शिरलं की डोळे चुरचुरतात, असं तुम्ही लिहिलंय. डोळ्यांना लागतोय तो अमोनिया. पेंडीचा पैसा मुतावाटे गटारीला चाललाय.

आपण घातलेल्या पेंडीतलं बहुतेक प्रोटीन म्हशीला सरळ मिळत नाही. कोठीपोटातले, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू ते आधी फोडतात, त्याचा अमोनिया करतात आणि त्यावर स्वतः वाढतात. हेच जिवाणू पुढं सरकून चौथ्या पोटात आणि आतड्यात पचतात, म्हशीच्या प्रोटीनचा मोठा वाटा तिथून येतो. पण अमोनिया वापरायला त्यांना त्याच वेळी ऊर्जा लागते. शेंगपेंड काही तासांत फुटते. वाड्यातली ऊर्जा मात्र तंतूत अडकलेली, ती सुटायला दिवस-दोन दिवस जातात. विटांचा ट्रक येऊन रिकामा झाला आणि गवंडी परवा येणार, असा प्रकार. तोवर शिल्लक अमोनिया रक्तात जातो, लिव्हर त्याचा युरिया करते. थोडा लाळेतून पोटात परत येतो, बाकीचा मुतातून बाहेर, आणि गोठ्यात त्याचाच परत अमोनिया होतो. वर हा युरिया करायलाही म्हशीचीच ताकद खर्च होते.

वाड्याचं आणखी एक. पानावरच्या मेणचट सालीतून जिवाणूंना शिरता येत नाही, ते कापलेल्या टोकातून आणि चावून पडलेल्या भेगांतून आत जातात. लिग्निन, म्हणजे काडीला कडक करणारा भाग, तर कोठीपोटात जवळजवळ फुटतच नाही, म्हणून वाळून काडी झालेलं वाडं नुसतं पोट भरतं. अख्खं वाडं टाकू नका, इंचभराची कुट्टी करा. त्याहून बारीक नको, रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते आणि पोटातलं आम्ल मारायला लाळेतला सोडा लागतो. मूठभर शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. बोटाच्या पेराएवढे तंतू किंवा मक्याचे अख्खे दाणे दिसले तर वैरण न पचताच बाहेर पडतेय.

आता बदल. शेंगपेंड निम्म्यावर आणा, त्या जागी सरकी पेंड आणि मक्याचा भरडा. सरकी सावकाश फुटते, तिचं बरंच प्रोटीन न फुटता थेट आतड्यात पोचतं. भरडा जिवाणूंना वेळेवर ऊर्जा देतो. बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा. भरड्याचा हात एकदम सैल सोडलात तर पोट आंबतं, तंतू फोडणारे जिवाणू थंडावतात, आणि डेअरीत फॅट उतरलेली दिसते. खुराक दिवसातून तीन-चारदा विभागून, आधी थोडी वैरण टाकून. नुसत्या वाड्यावर ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं. मिनरल मिक्श्चर रोज हवंच, आणि अथणीकडचा शाळूचा कडबा मिळाला तर जरूर मिसळा.

तुम्हाला इथं कुणीतरी खुराकात खताचा युरिया घालायला सांगितलंय. अजिबात नको. पोत्यावरचा प्रोटीनचा आकडा म्हणजे मोजलेल्या नायट्रोजनला 6.25 नं गुणलेलं असतं. त्या हिशेबानं 46 टक्के नायट्रोजनचा युरिया 287 टक्के ‘प्रोटीन’ भरतो! पोटात गेला की त्याचा नुसता अमोनियाच होतो, आणि तुमच्याकडे तोच जास्त झालाय. कच्च्या सोयाबीनबरोबर तर तो फारच झपाट्यानं सुटतो, विषबाधेनं जनावर दगावतं.

युरियाची खरी जागा भाताच्या पिंजरात आहे, खानापूरकडं भरपूर मिळतं. 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया, 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडा, ताडपत्रीखाली हवाबंद करून 21 दिवस ठेवा. तंतूंची पकड सैल होते आणि पिंजर मऊ पडतं. लागेल तेवढंच काढा, वास उडेपर्यंत मोकळ्यावर पसरा, मगच दावणीत. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला ते घालू नका.