सेंट क्लेअर तलावावर उघड्या पाण्यात बदकांच्या शिकारीसाठी लेआउट बोट (आत उताणं पडून शिकार करायची बुटकी, सपाट बोट) घ्यावी, की आहे त्या १६ फुटी बोटीवरच बुटका ब्लाइंड, म्हणजे लपायचा आडोसा, लावावा?

तुमच्या प्रश्नावरून दिसतं ते असं: सपाट तळाची ॲल्युमिनियमची बोट घरात आहे, काठाच्या गवतात बसून मॅलर्डची शिकार करून झाली आहे, आणि आता मधल्या पाण्यावरचे ब्लूबिल, रेडहेड, कॅनव्हासबॅक ही डायव्हर, म्हणजे बुडी मारणारी, बदकं खुणावताहेत. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो आणि याच तलावावर जातो, म्हणून आडवळणं न घेता सांगतो. तुम्ही विचारताय ती खरेदी दुसऱ्या नंबरची आहे. पहिली टेंडर बोट, म्हणजे लेआउटची पाठराखण करणारी मोठी मोटरबोट, आणि ती चालवायला भरवशाचा माणूस. हे दोन्ही जमत नसेल, तर लेआउट बोट फुकट मिळाली तरी घेऊ नका.

लेआउट बोट ही एकट्याने वापरायची वस्तूच नाही. तिच्यावर मोटर नसते, काठ पाण्यापासून जेमतेम वर असतो, आणि तुम्ही तिच्यात उताणे पडलेले असता. मागून काय येतंय ते दिसत नाही. पडलेला पक्षी वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि नांगर टाकलेला असल्यामुळे तुम्हाला त्याच्यामागे जाता येत नाही. तुम्हाला तिथवर नेणं, बोटीत उतरवणं, मग वाऱ्याच्या खालच्या अंगाला चार-पाचशे यार्डांवर थांबून दुर्बिणीतून नजर ठेवणं, पक्षी उचलणं, लाटा वाढल्या की तुम्हाला बाहेर काढणं, हे सगळं टेंडरवाला करतो. कुत्रा असेल तर तोही त्याच बोटीत. कायद्यातही हे कामाचं वाटप बसतं. मोटर बंद करून बोट पूर्ण थांबल्याशिवाय तिच्यावरून बार टाकता येत नाही, पण मेलेला किंवा जखमी पक्षी आणायला मोटर चालवता येते.

तुमची १६ फुटी बोट टेंडर म्हणून चालेल का? माझ्या मते नाही. सेंट क्लेअरची सरासरी खोली फक्त ११ फुटांच्या आसपास आहे. अशा उथळ पाण्यावर वारा सुटला की थोड्याच वेळात आखूड, उभ्या लाटा उठतात, आणि सपाट तळ त्यांच्यावर नुसता आपटत राहतो. टेंडरला १८ ते २० फूट लांबी, खोल व्ही आकाराचा तळ आणि उंच बाजू हव्यात. हाच खर्च मोठा आहे. लेआउट बोट त्यामानाने किरकोळ.

त्याच बोटीवर ब्लाइंड लावायचं म्हणाल, तर काठालगत, फ्रॅगमाइटीसच्या (उंच पाणगवताच्या) भिंतीला पाठ लावून तो उत्तम चालतो. मधल्या पाण्यात मात्र आजूबाजूला गवताची काडी नसते, आणि ‘बुटका’ म्हणून विकला जाणारा ब्लाइंडसुद्धा तिथे झोपडीसारखा उठून दिसतो. डायव्हर बदकं मॅलर्डइतकी संशयी नसतात, त्यामुळे अधूनमधून येतीलही. पण वारा आला की तोच ब्लाइंड शिडाचं काम करतो आणि नांगर सरकायला लागतो. मुख्य अडचण ती आहे.

आता लेआउट बोट निवडताना काय बघायचं. विकणारे इंचांत बोलतात: आमची इतके इंच उंच, त्यांची तितके. मी उंचीपेक्षा डेकचा उतार बघतो. ही बदकं पाण्याला लागून उडत येतात. त्यांना खटकते ती उभी कड आणि तिची सावली. रुंद डेक चारही बाजूंनी हळूहळू पाण्यात उतरत असेल, तर दोन इंच जास्त उंचीने काही बिघडत नाही. उलट फार बुटक्या बोटीत लाट सरळ अंगावर येते, त्यामुळे बसायच्या खाचेभोवती पाणी अडवणारी कड किंवा कापडी पडदा आहे ना, ते तपासा. रंग मळकट राखाडी हवा, अजिबात चकाकी नको. गवताच्या नक्षीचा कॅमोफ्लाज उघड्या पाण्यावर काळा ढेकूळ दिसतो. आणि सगळ्यात उंच वस्तू तुमचं डोकं असतं, तेव्हा राखाडी टोपी आणि मास्क विसरू नका.

बदकं वाऱ्याला तोंड करून उतरतात. म्हणून डोकं वाऱ्याकडे, पाय वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे ती तुमच्या पायांच्या दिशेने येतात. बोट फिरली तर सगळंच बिघडतं. पुढे आणि मागे, दोन्हीकडे नांगर बांधायला मजबूत क्लीट (दोर अडकवायच्या खुंट्या) हवेत. जुनी बोट घेताना त्यांचे स्क्रू हलवून बघा.

एक माणसाची की दोन माणसांची? नेहमी तिघे जाणार असाल तर दोन माणसांची. दोघे पडतात, तिसरा टेंडर सांभाळतो, पाळीपाळीने. डावीकडच्याने डावीकडेच मारायचं, हा नियम निघण्याआधीच ठरवा. दोघेच असाल तर एक माणसाची, कारण ती उचलून टेंडरवर चढवता येते आणि मागे ओढत न्यावी लागत नाही. पैसे देण्याआधी थंडीचे सगळे कपडे आणि वेडर्स (छातीपर्यंतची पाणी न शिरणारी विजार) घालून तिच्यात आडवे व्हा आणि हात न टेकता उठून बघा. पोट आडवं येतं, हे गॅरेजमध्येच कळलेलं बरं.

कोणी घरी बनवलेली, जास्त खोल बसणारी बोट विकत असेल तर सावध. पूर्वी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक खाडीत, सस्क्वेहाना फ्लॅट्स या उथळ भागात, सिंकबॉक्स वापरायचे. पाण्याच्या पातळीखाली दडून बसायची ती तरंगती पेटी, आणि खाली दाबून ठेवायला तिच्या बाजूच्या फळ्यांवर लोखंडी डिकॉय, म्हणजे नकली बदकं. १९३५पासून संपूर्ण अमेरिकेत त्यावर बंदी आहे. ज्या बोटीच्या खाचेत तुम्ही पाण्याच्या पातळीखाली लपता, ती त्या व्याख्येत येऊ शकते. राज्यांचे नियम वेगळेच. मिनेसोटात तर ठरावीक पाणी सोडलं तर वनस्पतींच्या आडोशानेच बसावं लागतं.

थंडीबद्दल दोन शब्द, कारण आपल्यातले बरेच जण विहिरीत पोहायला शिकलेले असतात आणि त्या भरवशावर राहतात. नोव्हेंबरच्या पाण्यात पोहता येणं फारसं उपयोगी पडत नाही. इथे १-१०-१ म्हणून हिशेब शिकवतात: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणून लाइफ जॅकेट पडल्या पडल्याही अंगावर हवं, उशाला नव्हे. ११ नोव्हेंबर १९४०ला सकाळी हवा उबदार होती, आणि त्याच दिवशी आलेल्या वादळात एकट्या मिनेसोटात ४९ माणसं गेली. त्यातले जवळपास निम्मे बदकांचे शिकारी होते. टेंडरवाला ‘चला’ म्हणाला की वाद घालायचा नाही, भले थवा समोर दिसत असो. दोन्ही बोटींत व्हीएचएफ रेडिओ ठेवा, आणि लेआउटमध्ये नारिंगी झेंडाही.

घाई नसेल तर यंदा काहीच विकत घेऊ नका. सेंट क्लेअर आणि मिशिगनमधलीच सॅगिनॉ बे ही खाडी, दोन्हीकडे लेआउटवर नेणारे गाइड आहेत. एकाबरोबर जा आणि थोडा वेळ टेंडरमध्ये बसायला मागा. दोराला क्लिपने अडकवलेल्या डिकॉयच्या लांब माळा लाटांत टाकणं आणि गोठल्या बोटांनी परत गोळा करणं काय असतं, ते तिथेच कळेल. पुष्कळांचा उत्साह तेवढ्यावर संपतो.

आणि स्वतःच्या बोटीने जाल तेव्हा जीपीएसवर सीमारेषा चालू ठेवा. तलावाचा पूर्वेकडचा मोठा भाग कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात आहे आणि मिशिगनचा परवाना तिथे चालत नाही.