पिसं उपटणारा राघू दुसऱ्या घरी द्यायचा आहे

प्रश्न: सासऱ्यांचा नऊ वर्षांचा आफ्रिकन ग्रे पोपट आहे, राघू. आठ महिन्यांपूर्वी सासरे गेले आणि त्याने छातीची, पंखांखालची पिसं उपटायला सुरुवात केली. डोकं मात्र शाबूत आहे. आम्ही दोघं नोकरीला, घरी फक्त सासूबाई. त्यांना दमा आहे, डॉक्टर म्हणतात पक्षी घरात नको. ओळखीतले एकजण या रविवारीच न्यायला तयार आहेत. कुणी म्हणतं, नॅशनल पार्कात सोडून द्या. फार अपराधी वाटतं. काय करू? – एक वाचक, मुलुंड

ताई, राघूला दुसरं घर शोधणं चूक नाही. ग्रे पोपटाच्या अंगातून पांढरी पावडर सतत झडते आणि दम्याच्या माणसाला ती बाधते, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. पण या रविवारी देऊ नका. पिसं का उपटतोय हे न कळता दिलेला पोपट पुढे तिसऱ्या घरी जायची भीती असते, आणि दर बदलात त्याचं पिसं उपटणं वाढू शकतं.

जंगलात सोडायचा विचार मनातून काढून टाका. राघू आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलांच्या जातीचा, माणसात वाढलेला, त्यात पिसं विरळ झालेली. कावळे आणि घारी त्याला दोन दिवस टिकू देणार नाहीत.

डोकं शाबूत आहे ही मोलाची खूण. स्वतःची चोच डोक्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे पिसं तो स्वतःच काढतोय. पण तेवढ्यावरून ‘दुःखामुळे करतोय’ असं ठरवू नका. केवळ पक्षी बघणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या आणि रक्ततपासणी, विष्ठेची तपासणी, एक्स-रे आणि पीबीएफडीची चाचणी मागा. पीबीएफडी हा चोच आणि पिसांचा विषाणूजन्य आजार आहे. नव्या घरी दुसरे पक्षी असले तर तो त्यांनाही लागतो, म्हणून हा अहवाल हातात आल्याशिवाय राघूला हलवू नका. यकृताचा आजार, बुरशीचा संसर्ग, जस्ताचा मुलामा असलेल्या पिंजऱ्याच्या तारा चावून पोटात जाणारं जस्त, यानेही पोपट पिसं उपटतात. गळ्यात कॉलर घालायचा सल्ला कुणी दिला तर वैद्यांना विचारल्याशिवाय घालू नका. त्याने उपटणं थांबतं, पण त्यामागचं मूळ कारण तसंच राहतं.

अहवाल येईपर्यंत पिंजरा सासूबाईंच्या झोपायच्या खोलीपासून दूर ठेवा. केर काढू नका, ओल्या फडक्याने पुसा. आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी कोमट पाण्याचा बारीक फवारा मारा. पावडर कमी उडते आणि एसीने कोरडी पडलेली कातडी खाजायची थांबते. संध्याकाळी सात-साडेसातला पिंजऱ्यावर कापड टाकून दहा ते बारा तास अंधार द्या. टीव्हीच्या खोलीत रात्री अकरापर्यंत जागणारा ग्रे पोपट चिडचिडा होतोच.

आहार बहुतेक सूर्यफुलाच्या बियांचाच असेल. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, कॅल्शियमही फार कमी असतं, आणि ग्रे पोपटांना कॅल्शियमची कमतरता लवकर जाणवते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, सिमला मिरची सुरू करा, पण बिया एकदम बंद करू नका. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ग्रेचं वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतं. दहा टक्के उतरलं तर लगेच वैद्यांना फोन करा. थोडं खाणं मक्याच्या कणसाच्या सालीत, कागदी कपात गुंडाळून द्या. चोचीला काम मिळालं की ती छातीकडे कमी वळते. सुतळी मात्र नको, धागे पोटात अडकतात.

आता घर. नेणाऱ्यांना हे विचारा: दिवसा घरी कोण असतं? नॉनस्टिक भांडी वापरता का? त्यांच्यावरचा टेफ्लॉनचा थर फार तापला तर त्याच्या धुराने पोपट काही मिनिटांत मरू शकतो. सिगारेट, अगरबत्ती, मच्छरांची कॉइल? ग्रे चाळीस वर्षंही जगतो, तुमच्यानंतर कोण बघेल? आणि पिसांचं सगळं खरं सांगा, फोटो दाखवा. ‘आमच्याकडे आला की होईल बरा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. मुळं दुखावलेली पिसं कधीकधी परत येतच नाहीत, हे ऐकूनही जे तयार असतील त्यांनाच द्या.

कागद विसरू नका. ग्रे पोपट वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंद वनखात्याच्या परिवेश पोर्टलवर लागते, मालक बदलला तरी तिथे कळवावं लागतं. सासऱ्यांच्या नावे नोंद आहे का ते आधी बघा. शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

द्यायच्या आधी त्यांना तीनदा तुमच्या घरी येऊ द्या, राघूला त्यांच्या हातून खाऊ द्या. पिंजरा, काठ्या, वाटी तीच पाठवा. पहिले तीन आठवडे आहार बदलू नये असं लिहून द्या. महिनाभराने जमलं नाही तर राघू तुमच्याकडेच परत येईल, हेही कागदावर असू द्या.

आणि तो जे बोलतो ते सगळं एका वहीत उतरवा. सासऱ्यांच्या आवाजात ‘चहा झाला का’ म्हणत असेल, तर तुम्ही त्याला काय उत्तर देता तेही त्या वहीत लिहा. नव्या घरी त्याला ते उत्तर मिळायला हवं.