वर्गात आणि वाचनालयात परस्परसंवादी वेब टूल्स : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमच्या केंद्रात शिक्षक आणि ग्रंथपालांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. सहा टूल्स दाखवली, सगळ्यांना आवडली. महिन्याभरात एकानेही वापरलं नाही. काय चुकलं?
— केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा

सहा दाखवली, हेच चुकलं. तीन तासांत एकच टूल घ्या. पहिली वीस मिनिटं सगळ्यांना विद्यार्थी करा : तुम्ही प्रश्न विचारा, त्यांनी उत्तरं द्यावीत. मग दीड तास प्रत्येकाने स्वतःच्या हाताने पाच प्रश्न तयार करायचे, तेही पुढच्या आठवड्यात शिकवायच्या धड्यावर. पाठ्यपुस्तक सोबत आणायला सांगा; नमुन्याच्या प्रश्नांवर केलेला सराव तिथेच राहतो. उरलेल्या वेळात एकाची चाचणी दुसऱ्याने सोडवायची. चुकीचा पर्याय बरोबर म्हणून नोंदला गेला असेल तर तो तिथे लगेच सापडतो.

अशा प्रशिक्षणात सर्वात जास्त वेळ जातो तो पासवर्ड आठवण्यात आणि ओटीपीची वाट पाहण्यात. ‘येण्यापूर्वी खात्यात लॉगिन करून पाहा’ हा निरोप दोन दिवस आधी गटावर टाका.

प्रश्न : वर्गात ३८ मुलं, फोन फक्त माझा. प्रोजेक्टर नाही. तरी असं काही वापरता येईल?
— प्राथमिक शिक्षिका, पालघर जिल्हा

येईल. तुमच्यासाठी प्लिकर्स आहे. यात मुलांच्या हातात छापील कार्ड असतं आणि फोन फक्त शिक्षकाकडे. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकटींची वेगळी आकृती आणि चारही कडांना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरं असतात. उत्तर बी वाटलं तर बी वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. आकृती प्रत्येकाची निराळी आणि अक्षर बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून कार्ड फिरवता येत नाही. जो मुलगा कधीच हात वर करत नाही त्याचंही उत्तर इथे कळतं, म्हणून हे टूल मला मोलाचं वाटतं.

नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, एका ए-फोर कागदावर दोन, म्हणजे २० कागद. जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका : खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. कार्ड वाचलं जात नसेल तर बहुतेक वेळा बोट काळ्या भागावर आलेलं असतं. कडेला धरायला शिकवा. प्रश्न फळ्यावर लिहा, ॲपमध्ये तोच प्रश्न निवडा आणि फोन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मागच्या बाकावरची कार्डं राहिली तर दोन पावलं पुढे जा.

यादीत मुलांची पूर्ण नावं भरू नका, हजेरी क्रमांक पुरतो. कार्डाचा क्रमांक तोच ठेवला की वाटप करणंही सोपं.

प्रश्न : गूगल फॉर्मवर चाचणी घेतली. ‘क्षेत्रफळाने सर्वात मोठं खोरं कोणत्या नदीचं?’ याला बऱ्याच मुलांनी ‘ॲमेझॉन’ लिहिलं, तरी काहींचं चूक धरलं. अक्षरं तर सारखीच दिसतात!
— भूगोल शिक्षक, लातूर

दिसतात सारखी, पण संगणकाला ती वेगळी आहेत. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप होतं, किंवा ‘अ’ घेऊन त्यावर चंद्र देऊन होतं. डोळ्याला फरक नाही, आत साठवलेले संकेत मात्र निराळे. काही जुन्या कीबोर्डवर तिसरंच ‘ऍ’ उमटतं. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांचंही तेच : कुणाचा कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घालतो, कुणाचा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. अंकांचंही भान ठेवा. मुलाने देवनागरी ७ लिहिला आणि तुमच्या उत्तरसूचीत इंग्रजी 7 असेल, तर गुण जातो.

उपाय असा. लघुउत्तराच्या प्रश्नात उत्तरसूची उघडली की एकाखाली एक अनेक बरोबर उत्तरं देता येतात. सगळी रूपं तिथे घाला. खालची ‘बाकी सर्व उत्तरं चूक धरा’ ही खूण काढून टाका. मग प्रतिसादांच्या पानावर प्रश्नानुसार पाहा. सारखी उत्तरं एकत्र दिसतात, एका टिचकीत त्यांना गुण देता येतो. मुलाचं बरोबर उत्तर कीबोर्डमुळे चूक ठरणं हा अन्याय आहे, त्यामुळे ही पाच मिनिटं वाचवू नका.

ग्रंथपालांनो, संगणकीय सूचीतही हा घोळ होऊ शकतो. ‘ॲगाथा’ एका रूपात नोंदवलं आणि वाचकाने दुसऱ्या रूपात शोधलं, तर पुस्तक कपाटात असूनही शोधात येणार नाही. नोंदींसाठी एकच रूप ठरवा. आणि श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवू नका, रोमन अक्षरांचा काला दिसेल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग ‘र्‍य’, ‘ळ’ आणि रफार असलेले शब्द डोळ्यांखालून घाला.

प्रश्न : वाचनालयाच्या कपाटांवर क्यूआर कोड लावले होते. काही आठवड्यांत सगळे बंद पडले.
— ग्रंथपाल, ‘ब’ वर्ग वाचनालय, रत्नागिरी जिल्हा

तुमचे कोड ‘डायनॅमिक’ असावेत. अशा कोडमध्ये तुमच्या पानाचा पत्ता नसतो. कोड बनवून देणाऱ्या संकेतस्थळाचा एक मधला पत्ता असतो. फुकटची मुदत संपली की तो पत्ता पुढे नेत नाही. तपासायला सोपं : स्कॅन केल्यावर उघडण्याआधी फोन जो पत्ता दाखवतो तो अनोळखी असेल, तर हीच गोष्ट. क्रोममध्ये आपलं पान उघडून शेअरच्या यादीतून क्यूआर कोड बनवा. त्यात पत्ता थेट कोरलेला असतो, त्याला मुदत नसते. पुस्तकांची यादी बदलत राहणार असेल तर पान तेच ठेवा, आतला मजकूर बदला.

जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा कोड हवा : ३० सेंटिमीटरवरून ३ सेंटिमीटर. भोवती कोडमधल्या सर्वात बारीक चौकटीच्या चौपट पांढरी जागा सोडा. सजावटीची किनार तिथे आली की कोड वाचला जात नाही. खाली एका ओळीत काय उघडेल ते लिहा, नाहीतर लोक स्कॅन करत नाहीत.

प्रश्न : शाळेत इंटरनेट आठवड्यातून तीन दिवस असतं. विज्ञानासाठी काही?
— माध्यमिक शिक्षक, गडचिरोली जिल्हा

कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, घ्या. नेट असेल त्या दिवशी एचटीएमएल फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, नंतर नेटशिवाय चालते. बरीच मराठीतही आहेत. टॅबवर फाइल उघडताना क्रोम निवडा, साध्या व्ह्यूअरमध्ये पान कोरं राहू शकतं.

विद्युत मंडलापासून सुरुवात करा. मुलाने बॅटरी, तार, दिवा जोडला की तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. एकसर जोडणीत दुसरा दिवा लावला की दोन्ही मंदावतात. बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडली तर ज्वाळा उठतात. ती चूक त्यांना करू द्या आणि ‘असं का झालं?’ हा प्रश्न तेव्हाच विचारा.